गॅरेजमधला हीटर ब्रेकर पाडतो आणि तरी गारठा जात नाही: निदान आणि योग्य हीटरची निवड

शिकागो, मिशिगन, मिनेसोटा किंवा टोरांटोच्या परिसरात घर घेतलेल्या मराठी माणसाला लाकूडकामाचा किंवा गाडीच्या दुरुस्तीचा छंद असला, तर नोव्हेंबर उजाडताच एक तक्रार हमखास सुरू होते. दुकानातून १५०० वॅटचा हीटर आणला जातो, तो गॅरेजमधल्या सॉकेटला लावला जातो, अर्ध्या-पाऊण तासाने ब्रेकर पडतो, आणि तोपर्यंत गॅरेजही फारसे तापलेले नसते. मग दुसऱ्या कंपनीचा, अधिक महागाचा हीटर आणला जातो, आणि पुढच्या हिवाळ्यात तोच प्रकार पुन्हा होतो. ब्रेकर पडणे आणि गॅरेज न तापणे या दोन तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्या बहुतेक वेळा १२० व्होल्टच्या मर्यादेतूनच निर्माण होतात. म्हणून नवा हीटर निवडण्यापूर्वी जुना नेमका कुठे अडतो आहे हे शोधणे आवश्यक आहे.

भारतातून आलेल्यांची येथे एक स्वाभाविक गफलत होते. आपल्याकडे २३० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर जेमतेम ९ अँपिअर खेचतो आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर वर्षानुवर्षे बिनघोर चालतो. अमेरिका आणि कॅनडातील साध्या सॉकेटवर मात्र १२० व्होल्ट असतात, आणि तेथे १५०० वॅटलाच १२.५ अँपिअर लागतात. घरातील बहुतेक साधी सर्किटे १५ किंवा २० अँपिअरची असतात. तीन तास किंवा त्याहून अधिक सलग चालणारा भार ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवावा, असा अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचा हिशेब आहे. १५ अँपिअरच्या सर्किटवर ही मर्यादा १२ अँपिअर, म्हणजे १४४० वॅट होते. त्यामुळे १५०० वॅटचा हीटर एकटा असला तरी त्या मर्यादेच्या किंचित बाहेरच असतो. त्याच सर्किटवर आणखी काही जोडलेले असेल, तर ब्रेकर पडणे हा बिघाड मानता येत नाही. त्याचे ते कामच आहे.

वीज नेमकी कोणी तोडली, आणि किती वेळाने?

सर्वप्रथम वीज कोठे तोडली गेली ते पाहावे. ब्रेकर पॅनेलमधला खटका मधल्या स्थितीत गेला आहे, सॉकेटवरचे जीएफसीआयचे (वीज गळू लागली की ती तोडणाऱ्या सुरक्षा यंत्रणेचे) बटण बाहेर आले आहे, की या दोन्ही गोष्टी जागेवर असून हीटरने स्वतःच स्वतःला बंद केले आहे, या तीन शक्यतांची कारणे पूर्णपणे वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. इंटरनेटवरच्या मंचांवर मिळणारे निम्मे सल्ले वाया जातात ते विचारणाऱ्याने ही माहिती दिलेली नसते म्हणून.

पॅनेलमधला ब्रेकर पडला असेल, तर तो किती वेळाने पडतो याची नोंद घ्यावी. हीटर सुरू करताक्षणीच तो पडत असेल, तर तारेत, प्लगमध्ये किंवा हीटरच्या आत शॉर्ट सर्किट असण्याची शक्यता अधिक असते, कारण क्षणात पडण्याचे काम ब्रेकरमधला चुंबकीय भाग करतो आणि तो मोठ्या प्रवाहालाच प्रतिसाद देतो. असा हीटर पुन्हा लावून पाहू नये. वीस मिनिटांपासून दोन तासांपर्यंत कोणत्याही वेळी तो पडत असेल, तर ब्रेकरमधली धातूची पट्टी हळूहळू तापून वाकते आहे, म्हणजेच भार थोडासाच पण सातत्याने जास्त आहे, असे समजावे. वेळेत एवढी अनियमितता असण्याचे कारण अनेकदा गॅरेजच्या कोपऱ्यातला फ्रीझर असतो. त्याचा कॉम्प्रेसर आपल्या लहरीने सुरू-बंद होतो आणि हीटरच्या १२.५ अँपिअरमध्ये दीड-दोन अँपिअरची भर घालतो. त्यात दिवे आणि दाराची मोटर मिळाली की १५ चा आकडा ओलांडला जातो. टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) तर एकटाच १२० व्होल्टवर जवळपास पूर्ण सर्किट व्यापतो, त्यामुळे तो आणि हीटर एकाच सर्किटवर कधीही एकत्र चालणार नाहीत.

ते सर्किट कोठे कोठे जाते हे शोधण्याची सोपी रीत म्हणजे ब्रेकर बंद करून घरभर आणि घराबाहेर फिरून काय काय बंद पडले आहे ते पाहणे. जुन्या घरांत गॅरेजचे, अंगणातले आणि कधीकधी स्नानगृहातलेही सॉकेट एकाच तारेवर आणि एकाच जीएफसीआयच्या मागे असतात. त्यामुळे हीटर गॅरेजमध्ये बंद पडतो आणि रीसेटचे बटण वरच्या स्नानगृहात सापडते. फ्रीझरही त्याच जीएफसीआयमागे असेल, तर हीटरच्या पायी आतले सगळे अन्न वाया जाऊ शकते, म्हणून ही तपासणी टाळू नये.

ब्रेकर वारंवार पडतो म्हणून १५ चा काढून २० चा बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. १५ अँपिअरच्या सर्किटला सहसा १४ गेजची तांब्याची तार असते आणि २० अँपिअरला १२ गेज लागते (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड). ब्रेकर बदलल्याने तार जाड होत नाही. केवळ ती तापू लागल्यावर तिला थांबवणारा राहत नाही, आणि ती तापते तेव्हा भिंतीच्या आत, लाकडी चौकटीला लागून असते.

जीएफसीआय पडत असेल, तर प्रश्न भाराचा नसून गळतीचा आहे. भारतातील घरांमध्ये सामान्यतः ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) असतो. येथील जीएफसीआय ४ ते ६ मिलिअँपिअरवरच पडतो, म्हणून तो कितीतरी अधिक नाजूक वाटतो. उन्हाळाभर दमट गॅरेजमध्ये पडून राहिलेला हीटर पहिल्या थंडीत लावला की लगेच जीएफसीआय पडतो, ही तक्रार इतकी नेमाने येते की तिचे कारण सांगणे योग्य ठरेल. धातूच्या नळीत बंद केलेल्या हीटिंग एलिमेंटमध्ये तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. ती विजेला अडवते आणि उष्णता जाऊ देते. नळीच्या तोंडाचे बंद सैल असले की ही पूड हवेतला ओलावा शोषते, आणि ओली झाली की थोडासा प्रवाह नळीकडे झिरपू लागतो. उचलून नेता येणारा हीटर असेल, तर तो बंद अवस्थेतच घरातल्या कोरड्या, उबदार खोलीत काही दिवस ठेवून मग पाहावा. त्यानंतरही जीएफसीआय पडत असेल, तर एलिमेंटचे इन्सुलेशन खराब झाले आहे, असे मानून तो हीटर टाकून द्यावा. जीएफसीआय नसलेले सॉकेट शोधून तेथे तो चालवणे म्हणजे ओल्या काँक्रीटवर उभे राहून धोक्याची सूचना मिटवून टाकणे होय.

हीटर स्वतः बंद पडत असेल आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू होत असेल, तर आतला अतिउष्णतेचा कटआऊट काम करतो आहे. सुतारकामाच्या जागेत याचे पहिले कारण भुसा असते. पंखा बारीक भुसा ओढून घेतो, जाळी बुजते, हवा कमी होते आणि एलिमेंट तापते. जळक्या वासाचे कारणही तेच असते. प्लग काढून, हीटर पूर्ण थंड झाल्यावर व्हॅक्यूमने जाळी साफ करावी. भिंतीला किंवा पेटीला अगदी खेटून ठेवलेला हीटरही असाच वागतो.

प्लग गरम लागतो का?

हीटर अर्धा तास चालल्यानंतर तो बंद करावा आणि प्लगला हात लावून पाहावा. कोमट लागणे चालते, पण हात टेकवत नसेल इतका गरम असेल, तर सॉकेटमधल्या पात्या सैल झाल्या आहेत आणि तेथेच उष्णता निर्माण होते आहे. प्लगचे प्लॅस्टिक तपकिरी होणे ही याची पुढची पायरी. अशा वेळी हीटर बदलून उपयोग नसतो, सॉकेट बदलावे लागते. मागून नुसती तार खोचून बसवलेल्या स्वस्त सॉकेटऐवजी स्क्रूखाली तार आवळलेले जाड बनावटीचे सॉकेट येथे टिकते.

एक्स्टेन्शन कॉर्डचे गणितही येथेच करून टाकू. ५० फुटांच्या १६ गेजच्या कॉर्डमध्ये जाऊन-येऊन १०० फूट तांबे असते. त्याचा रोध साधारण ०.४ ओहम भरतो. १२.५ अँपिअरला त्यात ५ व्होल्ट खर्ची पडतात आणि साठेक वॅट उष्णता त्या कॉर्डमध्येच निर्माण होते. मोकळ्या पसरलेल्या कॉर्डमध्ये ती हवेत निघून जाते, पण उरलेली कॉर्ड गुंडाळून कोपऱ्यात टाकली, तर सगळी उष्णता त्या वेटोळ्यात साठते. हीटर बनवणारे एक्स्टेन्शन कॉर्ड वापरू नका, असे लिहितात ते याचसाठी.

ब्रेकर पडत नाही, तरी गॅरेज तापत नाही

सर्वाधिक पैसे येथे वाया जातात, आणि ते हिशेब न केल्यामुळे. विजेच्या हीटरमध्ये जाणारा प्रत्येक वॅट अखेर उष्णताच होतो. सिरॅमिक असो, तेलाचा असो, इन्फ्रारेड असो की काचेच्या नळीचा, १५०० वॅट म्हणजे तासाला सुमारे ५१०० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) एवढेच. त्यामुळे पाकिटावर मोठ्या खोलीचे चित्र छापलेल्या महागड्या हीटरकडून अधिक उष्णता मिळेल, ही आशा भौतिकशास्त्र पूर्ण करू शकत नाही.

घराला जोडलेले, दोन गाड्यांचे, २४ बाय २४ फुटांचे, ९ फूट उंचीचे गॅरेज उदाहरणादाखल घेऊ. छताला नुसता ड्रायवॉल (जिप्समचा फलक) आहे, वर पोटमाळा उघडा आहे, तीन बाहेरच्या भिंतींत इन्सुलेशन नाही, दार १६ बाय ७ फुटांचे साध्या पत्र्याचे आहे आणि त्याच्या कडांतून वारा येतो. बाहेर २० अंश फॅरनहाइट आहे आणि आत ५५ हवे आहेत, म्हणजे फरक ३५ अंशांचा. छताचे आर-मूल्य (उष्णता अडवण्याची क्षमता) २, भिंतींचे ४, दाराचे १ आणि तासाला दोन वेळा हवा बदलते असे धरले, तर छतातून सुमारे २९५० वॅट, भिंतींतून १३७५, दारातून ११५० आणि फटींमधून १९०० वॅट बाहेर जातात. एकूण ७४०० वॅटच्या आसपास. १५०० वॅटचा हीटर या गॅरेजला बाहेरच्यापेक्षा अवघे ७ अंशच गरम ठेवू शकतो. जानेवारीत शिकागोचे सरासरी तापमान २५ अंशांच्या जवळपास असते, हे लक्षात घेतले की तक्रार कशाची आहे ते उघड होते.

याच आकड्यांत उत्तरही आहे. छतावर आर-३० चे इन्सुलेशन घातले, तर २९५० वॅटचे २०० होतात आणि एकूण गरज ४६५० वर येते. दाराच्या कडेच्या आणि खालच्या रबरी पट्ट्या बदलून हवेची गळती निम्मी केली, तर ती ३७०० च्या घरात येते. दार इन्सुलेटेड बसवले तर आणखी हजारेक वॅट वाचतात, पण ते महाग असते, म्हणून मी छत आणि पट्ट्या आधी करण्याच्या पक्षाचा आहे. इन्सुलेशन करताना फोमचे उघडे पत्रे तसेच ठेवू नयेत, कारण आग लागल्यास ते वेगाने पेटतात. त्यांवर ड्रायवॉल हवा, आणि घर व गॅरेज यांच्यामधल्या भिंतीचा ड्रायवॉल तर आगीला अडवण्यासाठीच असतो, त्याला भोके पाडून ठेवू नयेत.

दुसरी अडचण वस्तुमानाची आहे. या गॅरेजमधली सगळी हवा एक अंशाने तापवायला १०० बीटीयूही लागत नाहीत, पण चार इंच जाडीच्या काँक्रीटच्या जमिनीला त्याच एका अंशासाठी साडेपाच हजारांच्या आसपास लागतात. त्यामुळे थर्मामीटर ५५ दाखवतो आणि पाय मात्र गोठतात. हीटर सुरू केल्यावर लगेच काम सुरू करायचे असेल, तर निव्वळ उष्णताहानीइतकी क्षमता पुरत नाही, वरचे काही वॅट हाताशी लागतात. साधारण इन्सुलेशन असलेल्या जागेसाठी चौरस फुटाला १० वॅट हा जो ढोबळ नियम सांगितला जातो, तो या गॅरेजला ५७६० वॅट देतो, आणि वरील हिशेबाशी तो बऱ्यापैकी जुळतो.

म्हणजे २४० व्होल्ट

छत आणि पट्ट्या झाल्यानंतर या गॅरेजला ५००० वॅटचा, २४० व्होल्टवर चालणारा, छताला टांगायचा पंख्याचा हीटर योग्य ठरतो. बाहेर २० अंश असताना तो ५५ राखून शिवाय जमिनीसाठी काही उरवेल. बाहेर शून्य फॅरनहाइट असेल तेव्हा ४७-४८ वर थांबेल, आणि जाकीट घालून काम करणाऱ्याला ते पुरेसे असते. २४० व्होल्टला ५००० वॅट म्हणजे २०.८ अँपिअर. वरच्या ८० टक्क्यांच्या नियमाने त्याच्या सव्वापट २६, म्हणून ३० अँपिअरचा डबल पोल (दोन्ही तारा एकदम तोडणारा) ब्रेकर आणि १० गेजची तार. ७५०० वॅटला ४० अँपिअरचा ब्रेकर आणि ८ गेज लागते, १०,००० वॅटला ६० अँपिअर आणि ६ गेज. मोठा हीटर घेतला की तार, ब्रेकर आणि पॅनेलमधली जागा यांचा खर्च असा चढत जातो, आणि १०० अँपिअरच्या जुन्या पॅनेलवर विजेची शेगडी, ड्रायर आणि विजेवर चालणाऱ्या गाडीचा चार्जर आधीच असेल, तर ६० अँपिअरला जागाच नसते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आधी घराच्या एकूण भाराचा हिशेब करून घ्यावा. परमिट लागते, आणि ते घेतलेले असणे घर विकताना व विम्याच्या वेळी उपयोगी पडते.

व्होल्टेजची एक फसगत ठाऊक असावी. भाड्याने घेतलेल्या औद्योगिक गाळ्यात अनेकदा २४० ऐवजी २०८ व्होल्ट असतात. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे ५००० वॅटचा २४० व्होल्टचा हीटर तेथे ३७५० च देतो, आणि मालक हीटरला दोष देत बसतो. त्याच कारणाने भारतातून आणलेला २३० व्होल्टचा हीटर येथील १२० व्होल्टच्या सॉकेटवर जेमतेम पावपट तापतो.

प्लगने जोडायचा हीटर असेल, तर नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या २०२० च्या आवृत्तीपासून गॅरेजमधल्या २४० व्होल्टच्या सॉकेटलाही जीएफसीआयची अट लागू आहे. राज्ये वेगवेगळ्या आवृत्त्या पाळतात, म्हणून स्थानिक नियम इलेक्ट्रिशियनला विचारावा. थेट तारेने जोडलेला हीटर मला गॅरेजसाठी अधिक पटतो, कारण त्यात सैल होणारा प्लगच उरत नाही.

कोणत्या प्रकारचा, आणि कुठे

पूर्ण जागा तापवायची असेल तर पंख्याचा. एकाच बाकावर, दार अधूनमधून उघडत काम करायचे असेल तर इन्फ्रारेड, कारण तो हवेपेक्षा आधी माणसाला आणि बाकाला तापवतो आणि दार उघडल्यावर सगळे वाया जात नाही. तेलाचा रेडिएटर शांत असतो, पण १५०० वॅटच्या पुढे तो सहसा मिळत नाही, त्यामुळे गॅरेजसाठी तो जवळपास बादच.

लाल तापणारी उघडी तार असलेला हीटर सुतारकामाच्या जागेत नको. भुसा एवढेच त्याचे कारण नाही. लॅकर, थिनर आणि स्प्रे पेंट यांच्या वाफा पेट घेतात, आणि फवारणी करताना कोणताही हीटर बंदच असावा. गाडी उभी राहते त्या गॅरेजमध्ये पेट्रोलच्या वाफेचाही विचार हवा. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि म्हणूनच अमेरिकेतील निवासी बांधकाम संहिता ठिणगी किंवा ज्वाला निर्माण करू शकणारे उपकरण गॅरेजच्या जमिनीपासून किमान १८ इंच उंच ठेवायला सांगते. टांगलेला हीटर ही अट सहज पूर्ण करतो. मात्र तो टांगण्यापूर्वी दार पूर्ण उघडून पाहावे, कारण उघडे दार आणि त्याचे रूळ छताखाली किती जागा खातात हे बंद दाराकडे पाहून कळत नाही. ज्वलनशील वस्तूंपासून किमान तीन फूट अंतर ठेवावे, आणि उत्पादकाने अधिक सांगितले असेल तर तेवढे.

प्रोपेनचा बिनचिमणीचा हीटर स्वस्त पडतो म्हणून अनेकजण तिकडे वळतात. कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर आहेच, पण अवजारे असणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. एक किलो प्रोपेन जळले की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपात हवेत येते. ती वाफ थंड लोखंडावर दव होऊन बसते, आणि टेबल सॉच्या बिडाच्या पृष्ठभागावर एका रात्रीत गंज दिसू लागतो. विजेचा हीटर पाणी निर्माण करत नाही. तरीही बर्फाने माखलेली गाडी आत आणून हीटर एकदम जोरात लावला तर गंज येतोच, कारण हवा झटपट तापून ओली होते आणि बीड मात्र तासन्‌तास थंड राहते. अशा ठिकाणी थर्मोस्टॅट ४५ अंशांवर सतत ठेवणे आणि कामाच्या दिवशी तो वर नेणे बरे. लेटेक्स रंगाचे डबेही त्यामुळे गोठत नाहीत. पिवळा लाकडी गोंद सामान्यतः ५० अंशांच्या वरच नीट धरतो, आणि त्यासाठी नुसती हवा नव्हे तर लाकूडही तेवढे तापलेले असावे लागते, म्हणून चिकटवायच्या फळ्या आदल्या रात्री घरात आणून ठेवाव्यात.

खर्चाचे म्हणाल, तर युनिटला १५ सेंट दर धरून ३७०० वॅटची सरासरी गरज तासाला ५५ सेंटची होते. शनिवार-रविवारी आठ-आठ तास काम करणाऱ्याला ती जड वाटणार नाही. गॅरेज दिवसरात्र ५५ वर ठेवायचे म्हटले, तर मात्र महिन्याला ४०० डॉलरच्या आसपास जातील. रोज संध्याकाळी काम करणाऱ्याने त्याऐवजी मिनी-स्प्लिट हीट पंपाची (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणाऱ्या, स्प्लिट एसीसारख्या यंत्राची) किंमत जरूर काढून पाहावी. तो त्याच विजेत दुप्पट किंवा अधिक उष्णता आत आणतो आणि उन्हाळ्यात थंडावाही देतो. मात्र घेताना तो शून्य फॅरनहाइटखाली किती क्षमतेने चालतो हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे, आणि इनडोअर युनिटची जाळी भुशामुळे दर महिन्याला साफ करावी लागेल हे गृहीत धरावे.